कळवून जाणारा माणूस

पहिल्याच भेटीत मी अंकलच्या देवाला स्क्रू ड्रायव्हर लावला होता. मुद्दाम नाही. जुन्या पनवेलमधल्या त्यांच्या घराच्या चौकटीवर, बरोबर जिथे मला दाराचा सेन्सर बसवायचा होता तिथे, बोटभर लांबीची एक पितळी डबी तिरकी बसवलेली होती. मला वाटलं, आमच्या आधी दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीने हे बसवलंय आणि बसवणाऱ्याला सरळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी स्क्रू सैल करायला घेतला तेवढ्यात आतून आवाज आला.

"त्याला हात लावू नको. ते आधीपासून चालू आहे."

"कुठल्या कंपनीचं आहे, अंकल?"

"फार जुनी कंपनी. सर्व्हिसला कोणी येत नाही, पण बॅटरीही लागत नाही."

मग बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, की हा मेझुझा. आत प्रार्थनेची छोटी गुंडाळी असते आणि ज्यू माणूस घरातून जाता-येता त्याला बोटं लावून ती ओठांना लावतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंकलनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "टोक झिजलंय. अशाने स्क्रूचं डोकं खराब होतं." आतून त्यांनी स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. तो मी सात वर्षं वापरतेय, परत करायचा राहून गेला.

आमची कंपनी छोटी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सेन्सर बसवायचे, मनगटाला नाडी मोजणारा पट्टा द्यायचा, त्यांचं उठणं-बसणं, झोप, दाराची उघडझाप यांवर लक्ष ठेवायचं आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की घरच्यांना फोनवर कळवायचं, हा आमचा धंदा. अंकलच्या घरी आम्हाला बोलावलं होतं त्यांच्या मुलीने. ती इस्राएलमध्ये नर्स आहे. अंकल कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, बेने इस्राएल. भाऊ, बहिणी, मेहुणे, सगळे एकेक करून तिकडे गेले. हे मात्र बायको गेल्यावरही, ऐंशीच्या घरात, इथेच ठाण मांडून होते. मुलीने अखेर अट घातली होती. पावसाळ्याचे चार महिने सिस्टीम लावून बघायची. सगळं नीट पार पडलं तर पप्पांनी पनवेलला राहावं. काही गडबड दिसली तर सणांनंतर ती येणार आणि त्यांना घेऊन जाणार. दोघांची तिकिटंही तिने बघून ठेवली होती.

"तुम्हाला जायचं नाही का?" मी विचारलं होतं.

"शनिवारच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," ते म्हणाले. "इथे आम्ही मोजून दहा उरलोय. मी गेलो तर बाकीचे नऊ जण एकमेकांची तोंडं बघत बसतील. आणि हिची कबर इथे आहे. तिला काय सांगू, व्हिसा मिळाला म्हणून?"

थोडक्यात, ते पनवेलला राहणार की नाही हे माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या डब्यांवर ठरणार होतं. मला याचं दडपण आलं होतं. त्यांना अजिबात नव्हतं. ते जन्मभर अशाच डब्यांच्या संगतीत राहिलेले. रसायनीकडच्या एका कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. दाब, तापमान, पाण्याचा प्रवाह मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. कारखान्यात प्रत्येक यंत्राला नंबराचा पत्रा लावतात, तसे त्यांनी घरभर पत्रे लावले होते. फ्रिजला, गिझरला, भिंतीवरच्या घड्याळाला. रक्तदाबाच्या मशीनवर 'पुढील तपासणी' म्हणून तारीख चिकटवलेली. तीच चिकटपट्टी चष्म्याच्या काडीवरही होती. मी हसले तर म्हणाले, "यात हसण्यासारखं काय? हेही मोजायचंच यंत्र आहे."

रोज सकाळी पाचला उठून ते खाटेपासून दारापर्यंत आणि परत चालत, हातात स्टॉपवॉच घेऊन. लागलेला वेळ लॉगबुकात लिहीत. लॉगबुक म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही, अक्षर छापल्यासारखं. 'चाल: कालपेक्षा एक सेकंद जास्त. कारण: नवीन चप्पल.' 'डावा गुडघा: जुनाच आवाज.' 'गॅस चालू राहिला, चार मिनिटं. वास आला नाही, दूध उतू गेलं तेव्हा कळलं. नाकाची तपासणी करून घेणे.' माझ्या वडिलांना साखर तपासायला न्यायचं म्हणजे आम्हाला घरात युद्ध करावं लागतं. हा माणूस स्वतःच्या नाकाविरुद्ध तक्रार नोंदवत होता.

सेन्सर बसवून झाल्यावर मी त्यांना अभिमानाने दाखवलं, की तुम्ही पडलात तर हा भिंतीवरचा सेन्सर लगेच ओळखेल.

"कोणी पडून बघितलंय?"

"हो, ऑफिसात. आमच्या एका सहकाऱ्याने खूप वेळा."

"वय काय त्याचं?"

"चोवीस."

"गादीवर पडला असेल."

"हो."

अंकल भिंतीपाशी गेले, तळहात भिंतीला टेकवला आणि मी "अंकल, अंकल" करेपर्यंत हळूहळू खाली घसरू लागले. आधी गुडघे वाकले, मग कंबर टेकली, मग खांदा, शेवटी एक पाय पोटाखाली घेऊन ते फरशीवर आडवे झाले. सेन्सर ढिम्म. खालूनच ते म्हणाले, "चोवीस वर्षांचा मुलगा धाडकन पडतो. म्हातारा माणूस पडत नाही, तो खाली येतो. येता येता दहा वेळा धरायला बघतो. तुझं यंत्र धाडकनची वाट बघतंय. मी दोन दिवस इथे असा पडून राहीन आणि ते म्हणेल, अंकल आराम करतायत."

मी ऑफिसला कळवलं. साहेब म्हणाले, त्यांना सांग पुन्हा पडून दाखवा, डेटा मिळेल. मला साहेबांचा संताप आला, पण अंकल खूश झाले. आठवडाभर ते आमच्यासाठी पडले. खाली दोन गोधड्या आणि शेजारी घाबरून उभी असलेली मी. फ्रिजच्या आधाराने, खुर्चीच्या आधाराने, टॉवेल धरून आणि टॉवेलसकट. प्रत्येक पडण्याला नंबर, वेळ, कारण. आज आमची सिस्टीम म्हाताऱ्या माणसाचं ते हळूहळू खाली येणं ओळखते. आमच्या माहितीपत्रकात त्याचं श्रेय 'आमच्या संशोधकांना' दिलेलं आहे. ते वाचलं की मला दर वेळी लाज वाटते.

कंपनीने चाचणीसाठी एक रोबोही दिला होता. गुडघ्याएवढा, चाकांवर फिरणारा, डोक्यावर ट्रे. ठरल्या वेळी औषधाची गोळी आणि पाण्याची बाटली घेऊन येई आणि म्हणे, "आजोबा, गोळी घेतली का?" अंकलना हे मुळीच पसंत नव्हतं. "याच्या बापाला मी ओळखत नाही. मी याचा आजोबा कसा?" त्यांनी त्याचं नाव अप्रेंटिस ठेवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अप्रेंटिस रोज अडकायचा आणि चाकं घरघरवत बसायचा. मी म्हटलं, उंबरा तासून घेऊ. ते म्हणाले, "नवीन माणूस आला म्हणून आपण भिंती पाडतो का? त्याला शिकवायचं." आणि सागाच्या फळीचा छोटा उतार स्वतः करून त्यांनी तो उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसवला. पहिल्यांदा तो उतार चढून अप्रेंटिस पलीकडे गेला तेव्हा अंकलनी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला, की झोपेतही म्हणून दाखवीन. कारखान्यात एखादं यंत्र दुरुस्तीसाठी बंद करायचं, तर आधी कंट्रोल रूमला कळवायचं. न कळवता वायर काढली, की तिकडे अलार्म वाजतात, माणसं पळतात, चालता कारखाना बंद पडतो. "छत्तीस वर्षांत एकदाही मी न कळवता वायर काढली नाही," ते सांगत. हे सांगताना मान किंचित वर जायची. गर्व करण्यासारखं त्यांनी स्वतःजवळ एवढंच ठेवलं होतं.

साडेतीन महिने सुरळीत गेले. मुलीला दर रविवारी आमचा अहवाल जाई आणि तिचं उत्तर येई, 'थँक्स, सगळं छान दिसतंय.' आणखी पंधरा दिवस, की अट पूर्ण होणार होती. मी तर मनातल्या मनात अंकलना पास करून टाकलं होतं.

आणि एका सकाळी सात वाजता माझा फोन किंचाळायला लागला. मी सुकापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये दात घासत होते. स्क्रीनवर लाल अक्षरं: काल संध्याकाळी दार एकदा उघडून बंद झालंय. त्यानंतर घरात हालचाल नाही. खाट रिकामी. बाथरूमचं दार उघडलेलं नाही. हातातला पट्टा घरात आहे, पण नाडी लागत नाही.

उठायची वेळ टळून दोन तास गेले की मगच आमची सिस्टीम ओरडायची. पाचला उठणारा माणूस सातपर्यंत उठला नव्हता, आणि खाटेवरही नव्हता. मला ते भिंतीला धरून खाली येताना दिसले.

त्यांना फोन लावला, बंद. मुलीला लावला, बंद. अकरा वेळा लावला असेल. मेसेज टाकत राहिले, 'अंकल प्रतिसाद देत नाहीत', 'मी निघालेय', 'दार तोडावं लागेल'. रिक्षात बसून लिहिलेले ते मेसेज मी पुढे पुसून टाकले, पण तिने ते वाचलेच. गल्लीत पोचले तेव्हा दाराचं लॅच लागलेलं. बेल वाजवली, हाका मारल्या, आत सगळं शांत. अप्रेंटिसचा आवाज तेवढा आला, "आजोबा, गोळी घेतली का?" तो ऐकून मला रडूच फुटलं. माझ्या रिक्षावाल्याने नाक्यावरून आणखी एकाला हाक मारली आणि दोघांनी खांदे लावून दार तोडलं. चौकट तडकली, मेझुझाचा एक स्क्रू निखळला आणि डबी एका टोकावर लोंबायला लागली.

घरात कोणी नव्हतं. मी बाथरूम पाहिलं, खाटेखाली पाहिलं, वेड्यासारखं कपाटसुद्धा उघडलं. पट्टा टेबलाच्या खणात होता, मनगटी घड्याळाशेजारी व्यवस्थित ठेवलेला.

तेवढ्यात गल्लीत मासे विकणारी मावशी पाटी उतरवून दारात येऊन उभी राहिली. तिने तुटलेलं दार पाहिलं, मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय गं पोरी, दरोडा घातलास का?"

"मावशी, अंकल कुठे आहेत?"

"कुठं असतील? त्यांच्या प्रार्थनेच्या जागी. आज त्यांचा मोठा उपास हाय नाय का. काल सांजच्यालाच गेले. तिकडंच निजतात त्या दिवशी. आज मी त्यांचं दार वाजवतच नाय, दरवरसाला."

"मला कोणी सांगितलं नाही!"

"मंग तू इचारलंस कदी?"

मी सिनेगॉगपर्यंत धावत गेले. आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती आणि मी एका पायात चप्पल, मागे दोन रिक्षावाले, अशी थेट आत घुसले. सगळ्या माना वळल्या. अंकल दुसऱ्या रांगेत होते, खांद्यावर प्रार्थनेची शाल, पायात कापडी बूट. त्यांनी मला पाहिलं आणि तळहात दाखवला, थांब. प्रार्थना पुरी केली. मग जवळ आले आणि उपासाने सुकलेल्या आवाजात म्हणाले, "कुठलं रीडिंग चुकलं?"

मी हमसून हमसून रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर्षातला तो त्यांचा सगळ्यात पवित्र दिवस. त्या दिवशी ते अंगावर घड्याळसुद्धा ठेवत नसत, म्हणून पट्टाही काढून ठेवला होता. मुलीनेही तिकडे त्याच सणासाठी फोन बंद केला होता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. दार तुटल्याचं त्यांनी विचारलंही नाही. हळूच म्हणाले, "म्हणजे मी न कळवता वायर काढली."

संध्याकाळपर्यंत मी त्या तुटलेल्या दारात घर राखत बसले. मावशीने चहा आणून दिला. अप्रेंटिस अधूनमधून गोळी घेऊन माझ्यापाशी येत होता. दिवस मावळल्यावर अंकल आले. त्यांनी पाणीसुद्धा आधी घेतलं नाही. स्क्रू ड्रायव्हर मागितला, लोंबणारा मेझुझा काहीतरी पुटपुटत नीट बसवला, बोटं लावून ओठांना लावली आणि मगच आत आले.

फोन तोवर चालू झाले होते आणि मुलीचा फोन कुठल्याही क्षणी येणार हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी दिवसभर विचार करून ठेवला होता.

"अंकल, मी सांगते सेन्सर बिघडला होता म्हणून. बॅटरी गेली. कंपनीची चूक. मी लिहून देते."

"बॅटरी गेली होती?"

"नाही. पण तुम्ही विसरलात असं सांगितलं तर ती काय म्हणेल ठाऊक आहे ना? तिला भीती आहे ती याचीच. वय झालं, विसरायला लागले. पंधरा दिवस राहिलेत, अंकल."

त्यांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. त्यांना पनवेल सोडायचं नव्हतं, हे मी इतके महिने बघत होते. मग म्हणाले, "यंत्राने जे दिसलं तेच सांगितलं. बरोबर चालणाऱ्या इन्स्ट्रुमेंटवर खोटा शेरा मी कधी मारला नाही. आता या वयात मारू?"

फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे मुलगी रडत होती. ती शांत होईपर्यंत ते थांबले आणि एवढंच म्हणाले, "मी बरा आहे. यंत्र बरोबर होतं, ही पोरगीही बरोबर होती. कळवायचं माझं काम होतं. मी विसरलो." ती म्हणाली, "पप्पा, मी येतेय."

ती सण संपल्यावर आली. दोघांची तिकिटं घेऊन आली. मी दाराचा सेन्सर पुन्हा बसवायच्या निमित्ताने गेले, तर ती जमिनीवर लॉगबुक उघडून बसली होती आणि अंकल खाटेवर, शाळेत निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे. गॅस, नाक, गुडघा, सगळं तिने वाचलेलं दिसत होतं. शेवटच्या पानावर त्या दिवसाची नोंद होती: 'सणाला जाताना कंट्रोल रूमला कळवले नाही. कारण: विसरलो. इतर कारण नाही. दार तुटले, पोरीला त्रास झाला. चूक माझी.'

"हे सगळं पप्पा स्वतःहून लिहितात?" तिने मला विचारलं.

"रोज."

"मी नर्स आहे," ती म्हणाली. "माझ्या वॉर्डातला प्रत्येक पेशंट मला सांगतो, मी एकदम ठीक आहे. पडलेला असतो, तरी सांगतो ठीक आहे." तिने वही मिटली आणि वडिलांकडे वळली. "पप्पा, तुम्ही विसरलात याची मला भीती वाटते. पण तुम्ही ते लपवत नाही. लपवलं असतंत ना, तर आज बॅग भरली असती. आता एकच सांगा, परत कुठेही जाताना कळवाल?"

"कोणाला?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. दुसरं तिकीट तिने त्याच संध्याकाळी रद्द केलं.

असा मला कंट्रोल रूमचा हुद्दा मिळाला. पगार न वाढता. दिवसातून तीनदा फोन. "कंट्रोल रूम? केस कापायला जातोय, पाऊण तास." "कंट्रोल रूम, मावशीने आज खवल्यांची मासळी आणलेली नाही, बिनखवल्यांची आम्हाला चालत नाही, बाजारात जातोय." ऑफिसातले मला त्यावरून चिडवत. पण घरी सेन्सर बसवताना भरायच्या आमच्या फॉर्मात मी एक ओळ घालून घेतली: 'वर्षातून कोणत्या दिवशी तुमचं घर शांत असतं?' कोणी मोठा उपास सांगतं, कोणी बायकोच्या श्राद्धाला गावी जातो म्हणून सांगतं. एक आजी म्हणाल्या, मुलाच्या वाढदिवसाला मी अंथरुणातून उठतच नाही. ही ओळ नसती तर ते मला कधी कळलं नसतं. अंकलनी ती वाचली आणि म्हणाले, "आता यंत्र जरा माणसाळलं."

आणखी सहा वर्षं ते शनिवारच्या प्रार्थनेतले दहावे राहिले.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी फोन आला. मागे अँब्युलन्सचा आवाज होता. दोन आठवडे त्यांची चाल बिघडत चालली होती, आमच्या आलेखातही आणि त्यांच्या वहीतही. मुलगी चार दिवसांपूर्वीच आलेली होती.

"कंट्रोल रूम?" आवाज बारीक, पण स्पष्ट.

"बोला, अंकल."

"हॉस्पिटलला निघालोय. पट्टा काढून खणात ठेवलाय. दार मुलगी बंद करतेय. अलार्म वाजेल, घाबरू नको. दार तोडू नको."

"नाही तोडणार." मी घर बंद असल्याच्या नोंदीचा फॉर्म उघडला. "किती दिवस, अंकल? परत कधी, तो रकाना भरावा लागतो."

ते नेहमीच्याच सुरात म्हणाले, "खोटं लिहू नको. तो रिकामा ठेव."

मी तो रिकामा ठेवला आहे.